जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा चुकीचं दाखवतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती ८००, कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर, जिप्सी, महिंद्राची जीप. या गाड्या आजही कुणाच्या तरी घरासमोर रोज पुसल्या जातात आणि रविवारी फिरायला निघतात. त्यांच्या मालकांची एक तक्रार मात्र कायम असते: पेट्रोलच्या काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. खाली दिलेली उत्तरं तारांनी चालणाऱ्या साध्या मीटरसाठी आहेत. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या क्लस्टरला (सगळ्या मीटरांच्या एकत्रित पॅनेलला) ती लागू पडत नाहीत.

काटा चुकतोय. टाकीतलं युनिट बदलून टाकू का?

थांबा. हीच घाई सगळ्यात महागात पडते. काटा हलला नाही की टाकी उतरवायची, नवं टँक युनिट (टाकीतली पातळी मोजणारा भाग) बसवायचं आणि नंतर लक्षात यायचं की काटा होता तिथेच आहे, असं अनेक गॅरेजांत होतं. जुन्या गाडीत या दोषाचं मूळ बहुतेक वेळा टाकीबाहेर, हाताला लागेल अशा जागी असतं: गंजलेलं अर्थिंग (वीज बॉडीमार्फत बॅटरीकडे परत नेणारी जोडणी), सैल झालेला थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा), हिरवट पडलेला कनेक्टर, नाहीतर फ्यूजच्या टोकावरचा गंज. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला ठेवा. आधी फ्यूज, मग टाकीजवळची वायर, मग अर्थिंग, मग डॅशबोर्ड. टाकी उघडायची ती सगळ्यात शेवटी. या क्रमामागे पैशांचा विचार आहे आणि त्याहून मोठा विचार सुरक्षिततेचा आहे, कारण पेट्रोलची टाकी विनाकारण उघडणं चांगलं नाही.

हे मीटर चालतं कसं? एवढं समजलं तर पुढचं सोपं जाईल.

टँक युनिटच्या दांड्याच्या टोकाला टाकीत फ्लोट, म्हणजे तरंगणारा भाग, असतो. पेट्रोलच्या पातळीबरोबर तो वरखाली होतो. दांड्याचं दुसरं टोक बारीक तारेच्या गुंडाळीवर किंवा कार्बनच्या पट्टीवर सरकतं आणि त्यानुसार विजेला होणारा रोध बदलतो. डॅशबोर्डवरचा काटा हा रोध मोजतो. विजेचा प्रवास असा: बॅटरी, चावी, फ्यूज, डॅशबोर्डवरचं मीटर, तिथून एक लांब वायर मागे टाकीपर्यंत, टँक युनिट, आणि युनिटच्या धातूच्या अंगातून बॉडीमार्फत पुन्हा बॅटरी.

शेवटचा टप्पा नीट लक्षात घ्या. अनेक गाड्यांत युनिटला परत जाणारी वेगळी वायर नसते. टाकीचा पत्रा, तिचे पट्टे आणि चासी हाच परतीचा रस्ता. टाकीखाली रबराचे तुकडे घातले, पट्ट्यांना जाड रंग दिला, अंडरकोटिंग मारलं की तो रस्ता बंद होतो. गाडी छान रंगवून आणली आणि त्याच आठवड्यात काटा बिघडला, या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

टाकी फुल केली की काटा कितीतरी वेळ फुलवरच राहतो आणि अर्ध्याच्या खाली आला की भराभर उतरतो. हा बिघाड आहे का?

बहुधा नाही. फ्लोट टाकीच्या छतापाशी पोहोचल्यावर आणखी वर जाऊ शकत नाही, पण पेट्रोल मात्र वर आणि फिलरच्या नळीत भरत राहतं. त्यामुळे पहिले काही लिटर काट्याला दिसतच नाहीत. शिवाय टाकी सरळ डब्यासारखी नसते. खाली निमुळती असेल तर खालच्या सेंटिमीटरभर पातळीत कमी पेट्रोल मावतं आणि काटा लवकर खाली येतो. तुमच्या गाडीची ही सवय वर्षानुवर्षं तशीच असेल, तर तिला हात लावू नका. सवय अचानक बदलली तर मात्र तपासणी करा.

चावी लावल्यावर काटा अगदी सावकाश वर येतो. काही अडकलंय का?

तुमचं मीटर तापणाऱ्या पट्टीचं असेल तर ही त्याची नेहमीची चाल आहे. आत दोन धातूंची जोडपट्टी असते. तिच्याभोवतीच्या तारेतून वीज गेली की ती तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. पूर्ण वर यायला अर्धा मिनिट लागू शकतो. पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचू नये, म्हणून ही मंद चाल उपयोगीच आहे. चुंबकीय गुंडाळ्यांचं मीटर असेल तर काटा लगेच उडी घेतो.

दोष पुढे डॅशबोर्डमध्ये की मागे टाकीत, हे ओळखायची खात्रीची युक्ती कोणती?

टँक युनिटकडे येणारी वायर शोधा. काही गाड्यांत ती मागच्या सीटखालच्या झाकणाआड असते, काहींत डिकीत, तर काहींत गाडीखाली वाकून बघावं लागतं. पुढचं सगळं याच क्रमानं करा.

चावी बंद करा. युनिटवरची वायर काढा आणि तिचं टोक कशालाही टेकणार नाही असं ठेवा. चावी चालू करून अर्धा मिनिट थांबा आणि काटा कुठे जातो ते बघा. चावी पुन्हा बंद करा. आता त्या वायरच्या टोकाला १० ओहम, ५ वॅटचा रोधक जोडून त्याचं दुसरं टोक चासीच्या उघड्या, स्वच्छ धातूला घट्ट लावा. चावी चालू करा आणि पुन्हा बघा.

एका वेळी काटा एका टोकाला आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या टोकाकडे गेला, तर डॅशबोर्डवरचं मीटर, फ्यूज आणि मधली लांब वायर, तिन्ही ठीक आहेत. दोष टँक युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. दोन्ही वेळा काटा ढिम्म राहिला, तर टाकीला हात लावायचं कारणच नाही. हीच तपासणी डॅशबोर्डच्या मागे, मीटरच्या टर्मिनलवर करा. तिथे काटा हलला तर मधली वायर तुटलेली आहे. तिथेही हलला नाही तर मीटरपर्यंत वीज पोहोचते का ते मल्टिमीटरनं मोजा. पोहोचत असेल आणि मीटरचं स्वतःचं अर्थिंगही ठीक असेल, तर मीटरच गेलं आहे.

दोन गोष्टी पाळाच. वायर थेट चासीला लावून ठेवू नका, कारण तापणाऱ्या पट्टीच्या मीटरमधून जास्त वीज गेली तर आतली तार जळते. रोधक त्याचसाठी आहे. आणि जोडणं, काढणं हे सगळं चावी बंद असतानाच करा. टाकीच्या तोंडाशी चालू वायर टेकवली की ठिणगी पडते आणि तिथेच पेट्रोलची वाफ असू शकते.

वायर सुटी केल्यावर माझा काटा फुलवर जातो, मित्राच्या गाडीत रिकाम्यावर. कुणाचं बरोबर?

दोघांचंही. अनेक जपानी वंशाच्या गाड्यांत टाकी रिकामी असताना रोध जास्त, शंभर-सव्वाशे ओहमच्या आसपास असतो आणि भरलेली असताना अगदी थोडे ओहम. तिथे वायर सुटी केली की काटा रिकाम्याकडे जातो. जनरल मोटर्सच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत उलटं आहे: रिकामी असताना ० आणि भरल्यावर ९० ओहम. जर्मन व्हीडीओ (VDO) कंपनीच्या पद्धतीत रिकामीला साधारण १० आणि भरलेलीला १८० ओहम. तुमच्या गाडीची पद्धत कोणती, हे एकदा कळलं की लक्षणांवरूनच अर्धं निदान होतं. पहिल्या पद्धतीत खराब अर्थिंग म्हणजे वाढलेला रोध, म्हणून काटा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवणार. उलट्या पद्धतीत तेच खराब अर्थिंग काट्याला वर चढवतं, आणि हे जास्त धोक्याचं, कारण माणूस निर्धास्त राहतो.

अर्थिंग खराब आहे हे कसं ओळखायचं आणि कसं सुधारायचं?

एक लांब वायर घ्या. तिचं एक टोक टँक युनिटच्या धातूच्या चकतीला आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला चिमट्यानं लावा. हेही चावी बंद असताना. मग चावी चालू करा. काटा योग्य जागी आला तर रोग सापडला.

मल्टिमीटर असेल तर आणखी नेमकं कळतं. चावी चालू ठेवून काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल सुई युनिटच्या चकतीला लावा. ०.१ व्होल्टच्या आत दिसलं तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर खराब.

सुधारताना जुनं खरवडत बसण्यापेक्षा नवी वायर टाका, असं माझं ठाम मत आहे. युनिटच्या एका स्क्रूखाली गोल थिंबल, तिथून चांगल्या जाडीची वायर, आणि दुसरं टोक चासीवर बोल्टनं. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकाकता पत्रा दिसू द्या, दात असलेला वॉशर वापरा आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्या. कोकणात, किनाऱ्यालगत किंवा पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत हे शेवटचं काम टाळलं, तर एक-दोन पावसाळ्यांत पुन्हा तिथेच याल. चासीकडून बॅटरीकडे जाणारी जाड वेणीची पट्टीही एकदा बघून घ्या. ती कुजलेली असेल तर मागे कितीही चांगली वायर टाकली तरी उपयोग नाही.

ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा खाली येतो. हे कसं शक्य आहे?

मागचे दिवे आणि टाकी एकच अर्थिंग वापरत आहेत आणि ते कमजोर झालं आहे. २१ वॅटचे दोन ब्रेक दिवे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात. अर्थिंगमध्ये नुसता ०.३ ओहमचा रोध असला तरी तिथे सुमारे एक व्होल्ट अडकतो आणि तेवढा मीटरच्या वाट्याचा कमी होतो. हेडलाइट लावल्यावर किंवा इंडिकेटरच्या तालावर काटा हलत असेल, तर तेही याच घरातलं दुखणं. उपाय वरच्याच उत्तरातला. हे लक्षण दिसलं तर टाकी उतरवायला कुणालाही परवानगी देऊ नका.

पेट्रोलचा आणि तापमानाचा, दोन्ही काटे एकदमच बिघडले.

मग टाकीचा संबंध नाही. दोघांमध्ये जे सामाईक आहे ते शोधा: फ्यूज, मीटरचं अर्थिंग आणि ब्रिटिश किंवा अमेरिकन घडणीच्या जुन्या गाड्यांत व्होल्टेज स्टॅबिलायझर.

तापणाऱ्या पट्टीचं मीटर व्होल्टेज बदललं की वेगळं दाखवतं. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्ट देते आणि चालू असताना चार्जिंग चौदाच्या घरात जातं. हा फरक काट्यावर दिसू नये म्हणून मीटरमागे एक छोटी डबी बसवलेली असते. ब्रिटिश स्मिथ्स कंपनीच्या पद्धतीत ती सरासरी १० व्होल्ट देते. तिच्या आतही जोडपट्टीच असते, ती तापून संपर्क तोडते, थंड झाली की जोडते. म्हणून डिजिटल मल्टिमीटरवर आकडे उड्या मारताना दिसले तर घाबरू नका, तिचं काम तसंच चालतं. स्थिर १२ व्होल्ट दिसत असतील तर संपर्क चिकटला आहे किंवा डबीचं अर्थिंग गेलं आहे, आणि दोन्ही काटे जास्त दाखवतील. काहीच येत नसेल तर दोन्ही काटे पडलेले असतील.

या जुन्या डबीच्या जागी ७८१० क्रमांकाचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवता येतो. बरेच हौशी लोक तो जुन्या डबीच्याच पत्र्यात लपवतात, बाहेरून गाडी मूळची दिसते. त्यालाही चांगलं अर्थिंग हवंच.

मारुती ८०० च्या वयाच्या गाडीत डॅशबोर्डमागे काय बघायचं?

या काळातल्या बऱ्याच गाड्यांत मीटरच्या मागे तारांऐवजी लवचीक प्लॅस्टिकचा पातळ पट्टा असतो आणि त्यावर तांब्याच्या रेघा असतात. मीटर त्यावर बारीक नटांनी बसतं. तीस वर्षांच्या हादऱ्यांनी हे नट सैल होतात आणि तांब्यावर काळपट थर येतो. डॅशबोर्डवर थाप मारल्यावर काटा जागेवर येत असेल तर इथेच बघा. बॅटरीची ऋण वायर काढा, क्लस्टर बाहेर घ्या, नट हलक्या हातानं घट्ट करा आणि संपर्काच्या जागा साध्या खोडरबरानं पुसा. पॉलिश पेपर लावू नका, तांब्याचा थर फार पातळ असतो.

टँक युनिट काढावंच लागणार. कोणती काळजी घ्यायची?

हे उत्तर पूर्ण वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे आपल्याकडच्या थंडीतही ते सुरक्षित नसतं. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, गॅरेजच्या खड्ड्यात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये साचते आणि दूरच्या देवघरातल्या निरांजनापर्यंतही पोहोचू शकते. हवेत दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान वाफ असली की स्फोट होऊ शकतो. म्हणूनच जवळपास रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, हे अनेकांना माहीत नसतं.

काम उघड्यावर, दिवसाउजेडी करा. बॅटरीची ऋण वायर आधी काढा. तापलेल्या इंजिनावर काम सुरू करू नका. वायरचा लोंबता दिवा, ड्रिल, हीट गन, सिगारेट, काहीही जवळ नको. मोबाइल खिशातून काढून ठेवा. पावडरचा अग्निशामक हाताशी असू द्या आणि एकटे काम करू नका. युनिटची कडी ठोकून फिरवायची असेल तर पोलादी छिन्नी वापरू नका, लाकूड किंवा पितळ वापरा. युनिट टाकीच्या बाजूला असेल तर पेट्रोलची पातळी त्याच्या खूप खाली असल्याची खात्री करा, नाहीतर पहिला स्क्रू सैल होताच धार लागेल.

टाकीला भोक असेल, वेल्डिंग लागणार असेल, तर ती घरी करायची गोष्ट नाही. टाकी धुऊन, वाफ घालवून काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच द्या.

पेट्रोल काढायला नळी तोंडानं ओढली तर चालेल ना? सगळेच करतात.

अजिबात नाही. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसांना गंभीर इजा होते आणि त्यानं माणसं दगावली आहेत. दुकानात हातानं दाबायचा रबरी पंप मिळतो, तो आणा. चुकून कुणी पेट्रोल गिळलंच तर त्याला उलटी करायला लावू नका, लगेच दवाखान्यात न्या. उलटीबरोबर ते पुन्हा फुप्फुसात जाण्याची भीती असते.

युनिट बाहेर आलं. आता त्यात काय तपासू?

आधी फ्लोट. कानाशी धरून हलवा. आत डुचमळल्याचा आवाज आला तर त्यात पेट्रोल शिरलं आहे. तो आता नीट तरंगत नाही, म्हणून टाकी भरली तरी काटा खालीच राहत होता. पितळी फ्लोट सांध्यापाशी फुटतो. फट शोधायची असेल तर फ्लोट उघड्यावर पूर्ण वाळू द्या आणि चुलीपासून लांब, बादलीतल्या गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे येतील तिथे फट. सोल्डरचा डाग देऊन फट बुजवता येते, पण आत पेट्रोल उरलेलं असताना त्याला तापवणं म्हणजे जिवाशी खेळ. नवा फ्लोट मिळत असेल तर नवाच घ्या.

मग रोध. मल्टिमीटरची एक सुई टर्मिनलला, दुसरी चकतीला लावून दांडा अगदी सावकाश खालून वर न्या. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तो अनंत झाला तर पट्टी तिथे झिजली आहे. रस्त्यात काटा अर्ध्यावर आला की अचानक पडतो आणि पुढे पाववर पुन्हा जिवंत होतो, ते याचमुळे. तुमचा बहुतेक प्रवास पाव ते अर्ध्या टाकीवर होत असेल तर झीजही तिथेच सापडेल.

काळा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. तारेची गुंडाळी फार बारीक असते, तिच्यावर पॉलिश पेपर फिरवला की ती तुटलीच. सरकणाऱ्या पात्याचा दाब कमी झाला असेल तर ते अगदी किंचित वाकवा. पातं थोडं बाजूला घेऊन पट्टीच्या न झिजलेल्या भागावर आणता आलं, तर युनिट आणखी काही वर्षं काढतं.

परत बसवताना पॅकिंग नवं लावा. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं, ते वापरू नका. स्क्रूची भोकं सारख्या अंतरावर नसतील तर ती मुद्दाम तशी असतात, युनिट एकाच दिशेनं बसावं म्हणून.

पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं, त्यानं मीटर बिघडतं का?

थेट नाही, पण टाकीच्या आत जे आहे त्यावर परिणाम होतो. २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच सर्वसाधारण झालं. इथेनॉल पाणी शोषतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली आणि पाण्याचं प्रमाण वाढलं, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. युनिटचा तळाचा भाग आणि टाकीचा पत्रा तिथेच गंजतो. जुनी रबरी पॅकिंग फुगतात किंवा कडक होतात.

फार जुन्या गाड्यांत बुचाचा फ्लोट असतो आणि त्यावर लाखेचं पॉलिश असतं. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे प्रत्येक सुताराला ठाऊक आहे. आवरण गेलं की बूच पेट्रोल पितं आणि बुडतं. असा फ्लोट असेल तर पितळी किंवा पेट्रोलला टिकणाऱ्या फोमचा बसवून घ्या.

आणखी एक. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे अशा मिश्रणात निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. काटा पूर्वीपेक्षा लवकर उतरतो असं वाटलं तर मीटर उघडण्याआधी हा हिशेब ध्यानात घ्या.

गाडी सीएनजीवर चालते. पेट्रोलचा काटा कायम तळाला असतो, काय फरक पडतो?

पडतो. सीएनजीवाले टाकीत दोन-चार लिटर ठेवून वर्ष काढतात. तेवढं पेट्रोल शिळं होऊन चिकट होतं, फ्लोटचा सांधा त्यात जाम होतो आणि वरचा रिकामा पत्रा दमट हवेनं गंजतो. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो, तो कोरडा चालला की जळतो. पाव टाकी पेट्रोल ठेवा, अधूनमधून गाडी पेट्रोलवर चालवा आणि काटा हलता राहू द्या.

जुन्या बाजारात दुसऱ्या गाडीचं युनिट मिळतंय. बसवू का?

रोध जुळला तरच. आपल्या युनिटचे रिकामी, अर्धी आणि भरलेली अशा तीन स्थितींतले ओहम लिहून न्या आणि दुकानातच मल्टिमीटर लावा. बाहेरून मिळणारी बरीच सार्वत्रिक युनिटं २४० ते ३३ ओहमची असतात. ०-९० च्या मीटरला असं युनिट लावलं तर काटा उलटा चालेल. ओहम जुळले तर पुढे दांड्याची लांबी आणि टाकीची खोली मोजा. फ्लोट तळाला किंवा छताला घासला तर आकडे जुळूनही काटा चुकेल.

जुनी जीप ६ व्होल्टवरून १२ वर केली आहे. मीटर तेच ठेवलंय.

मीटरसाठी वेगळा व्होल्टेज रिड्यूसर लावा. नाहीतर आतली तार लवकरच जळेल.

रिझर्वचा दिवा लागलाय, काटा मात्र पाव दाखवतोय. कुणावर विश्वास ठेवू?

दिव्यावर, आणि पंपाकडे वळा. अनेक गाड्यांत दिव्यासाठी टाकीत वेगळा थर्मिस्टर असतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो आणि दिवा बंद. पातळी खाली गेली की तो उघडा पडतो, तापतो, त्याचा रोध कमी होतो आणि दिवा लागतो. फ्लोटच्या यंत्रणेशी त्याचा संबंध नसतो, म्हणून तो स्वतंत्र साक्षीदार आहे. खड्ड्यांत किंवा चढावर क्षणभर लुकलुकला तर काळजी नको.

दुरुस्ती झाली. काटा खरा आहे याची खात्री कशी करू?

सपाट जागी, जवळपास रिकाम्या टाकीपासून सुरुवात करा. दर वेळी ५ लिटर भरा, चावी लावून मिनिटभर थांबा आणि काट्याची जागा कागदावर काढा. अलीकडच्या मारुती ८०० ची टाकी २८ लिटरची, म्हणजे पाच-सहा खुणांत काम होतं. हा कागद ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. काटा सगळीकडे सारखाच वर किंवा खाली असेल तर फ्लोटचा दांडा किंचित वाकवून जुळवता येतो. पण फक्त रिकाम्याची खूण अचूक करा, फुलची नाही झाली तरी चालेल. पेट्रोल संपताना काट्यानं खरं बोलावं, एवढंच आपल्याला हवं आहे.

तोवर गाडी चालवायची असेल तर?

टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि तुमच्या गाडीच्या नेहमीच्या अ‍ॅव्हरेजनं फुल टाकीत जेवढं अंतर जातं, त्याच्या दोन तृतीयांश अंतरातच पुन्हा भरा. सीटखाली टाकी असलेल्या जुन्या जीपमध्ये झाकण उघडून कोरडी लाकडी पट्टी बुडवता येते. पट्टीवर लिटरच्या खुणा करून ठेवा. लोखंडी सळई वापरू नका.

डिझेल गाडीत तर अंदाजावर मुळीच जाऊ नका. डिझेल संपून गाडीनं एअर घेतली की नुसतं डिझेल ओतून ती सुरू होत नाही. हातपंप मारून, फिल्टरचे आणि पंपाचे स्क्रू सैल करून हवा काढावी लागते. त्यात ताम्हिणी किंवा वरंध घाटाच्या उतारावर इंजिन बंद पडलं, तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्युमची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. घाटात शिरण्याआधी टाकी भरा.

गॅरेजमध्ये देणार आहे. मेस्त्रींना काय सांगू?

"काटा चालत नाही" एवढंच सांगू नका. काटा कुठे अडकतो, तापमानाचा काटा ठीक आहे का, ब्रेक किंवा दिवे लावल्यावर तो हलतो का, वायर सुटी केल्यावर कुठे गेला, रोधक लावल्यावर कुठे गेला, हे कागदावर लिहून द्या. शक्यतो ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. आणि अर्थिंगची वायर लावून बघितल्याशिवाय टाकी उतरवायची नाही, हे आधीच स्पष्ट ठरवा. युनिट बदललंच तर जुनं परत मागून घ्या. त्याची चकती, दांडा, टर्मिनल पुढे कधी तरी लागतात, आणि पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसिडरचे मूळ भाग आता सहजी मिळत नाहीत.